चालू वाय-फायला हात कधी लावावा?

परवाच्या शुक्रवारची गोष्ट. संध्याकाळचे पावणेसहा. चाकणहून पुण्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये खिडकी मिळवायची म्हणून लॅपटॉप मिटणार, तेवढ्यात वाय-फाय कंट्रोलरच्या पानावर केशरी ठिपका दिसला. 'नवीन फर्मवेअर उपलब्ध.' आणि खाली एक गुबगुबीत निळं बटण, 'सर्व अपग्रेड करा.' आमच्या ऑफिसात आणि मागच्या गोदामात मिळून २६ ॲक्सेस पॉइंट आहेत. छताला चिकटवलेल्या त्या पांढऱ्या थाळ्या असतात ना, त्याच. एक क्लिक आणि सगळे नवे कोरे!

शेजारी आमचे काका बसले होते. काका म्हणजे विभागातले सगळ्यात जुने ॲडमिन, रिटायरमेंटला ३ वर्षं उरलेली. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "चालतंय ना रे सगळं? मग हात नको लावूस. चालू गिरणीत हात घालायचा नसतो."

मी बटण दाबलं नाही. पण खरं सांगायचं तर काकांचं पटलं म्हणून नव्हे, जुनी खोड आठवली म्हणून. बसमध्ये खिडकी मिळाली, पण डोक्यात तोच विषय. शनिवार-रविवार जुनं-पुराणं वाचत बसलो. हा प्रश्न आपल्याआधी लोकांना कसकसा पडला आणि त्यांनी काय केलं? त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय. कंटाळा आला तर शेवटचे ४ परिच्छेद वाचा, चालेल :)

आधी माझी खोड.

दोन वर्षांपूर्वी असाच एक शुक्रवार होता, आणि तेव्हा मी ते निळं बटण दाबलं होतं. २० मिनिटांत सगळे एपी उठून उभे राहिले, माझा लॅपटॉप जोडला गेला, फोन जोडला गेला. मी खूश. सोमवारी सकाळी ७ वाजता गोदामातून फोन. माल स्कॅन करायचे हातातले स्कॅनर एकही चालत नव्हते. कारण नंतर कळलं. नव्या आवृत्तीने टीकेआयपी नावाची जुनी सुरक्षा पद्धत काढून टाकली होती, आणि आमच्या त्या म्हाताऱ्या स्कॅनरना दुसरी कुठली पद्धत येतच नव्हती. रिलीज नोट्समध्ये ते लिहिलेलं होतं. पान ९ वर. मी पान २ पर्यंत वाचलं होतं.

जुन्या आवृत्तीवर परत जायचं तर तिची फाइल मी जपून ठेवलेली नव्हती. ती मिळवून, चढवून, स्कॅनर सुरू होईपर्यंत दुपारचे अडीच वाजले. आणि गोदामातल्या कंत्राटी माणसांची हजेरी पहिल्या स्कॅनपासून धरतात हे मला माहीतच नव्हतं. सकाळपासून बसून राहिलेल्या ११ जणांचा अर्धा दिवस कापला गेला. त्यातले एक वयस्कर मामा जिन्यात भेटले, शांतपणे म्हणाले, "साहेब, वायफाय तुमचं बंद पडलं, मग खाडा आमचा कसा काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुकादमाकडे जाऊन बोललो, त्याने मान हलवली, पैसे काही परत आले नाहीत. त्यानंतर १४ महिने मी कुठल्याच एपीला हात लावला नाही. त्याला मी 'स्टॅबिलिटी' म्हणत होतो. खरं म्हणजे ती भीती होती.

असो. आता इतिहास.

'फर्मवेअर' हा शब्द पहिल्यांदा वापरला ॲशर ऑपलर यांनी, १९६७ साली, 'डेटामेशन' मासिकातल्या एका लेखात. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्या मधलं काहीतरी, म्हणून हा शब्द. त्यांच्या मनात तेव्हा प्रोसेसरच्या पोटातला मायक्रोकोड होता. पुढे यंत्राच्या चिपमध्ये भरलेल्या कुठल्याही प्रोग्रॅमला लोक फर्मवेअर म्हणू लागले. त्या काळी बरेचदा तो चिपमध्ये कायमचा कोरलेला असे. बदलायचा तर चिप उपटून दुसरी बसवा! म्हणजे 'अपग्रेड कधी करावं' हा प्रश्न सहसा कुणाला पडतच नसे. १९८४ साली तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली, आणि पुढच्या काही वर्षांत चिप न काढता आतला प्रोग्रॅम पुसून नवा लिहिणं स्वस्त झालं. आपल्या डोक्याला हा ताप त्या फ्लॅशने दिला.

काकांच्या बाजूने साक्ष द्यायला सगळ्यात भारी उदाहरण वाय-फायचं नाही, टेलिफोनचं आहे. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीचं लांब पल्ल्याच्या कॉलचं जाळं ११४ मोठ्या स्विचेसवर चालत असे. डिसेंबर १९८९ मध्ये या सगळ्या स्विचेसवर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवली. हेतू चांगला होता. एखादा स्विच बिघडून परत उभा राहिला की शेजाऱ्यांना ते लवकर कळावं. महिनाभर सगळं सुरळीत. मग १५ जानेवारी १९९० च्या दुपारी न्यूयॉर्कमधल्या एका स्विचला किरकोळ बिघाड झाला, तो काही सेकंद थांबला आणि परत सुरू झाला. तो परत आल्याची खबर शेजारचा स्विच आपल्या वहीत नोंदवतोय, एवढ्यात दुसरा निरोप येऊन धडकला तर नव्या सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे शेजाऱ्याची वहीच बिघडे. मग शेजारी स्वतः थांबे, परत उठे, आणि आपण उठल्याची खबर पुढच्यांना देऊन त्यांनाही आडवं पाडी. ही साथ ११४ स्विचेसमध्ये फिरली. जवळजवळ ९ तास अमेरिकेतले निम्मे लांब पल्ल्याचे कॉल लागत नव्हते. चूक काय, तर सी भाषेतल्या कोडमध्ये चुकीच्या जागी पडलेलं एक 'ब्रेक'!

यात मला दोन गोष्टी टोचल्या. एक, 'महिना झाला, काही त्रास नाही' हा पुरावा नव्हे. चूक दबा धरून बसलेली असते, तिला हवी ती परिस्थिती आली की ती बाहेर येते. दोन, सगळ्या स्विचेसवर एकच आवृत्ती होती, म्हणून चूकही सगळ्यांत एकच होती. एखाद्या भागात जुनं सॉफ्टवेअर ठेवलं असतं तर साथ तिथे अडली असती.

म्हणजे काका जिंकले? थांबा. आता वाय-फायकडे येऊ.

वाय-फायचं मूळ मानक, ८०२.११, आलं १९९७ साली. त्यात सुरक्षेसाठी वेप नावाची पद्धत होती. डब्ल्यू-ई-पी. नावाचा अर्थ असा की तारेच्या जाळ्यात जेवढा खाजगीपणा असतो तेवढाच इथे. नाव मोठं! प्रत्येक पॅकेट कुलूपबंद करताना वेप एक २४ बिटांचा आकडा वापरत असे. २४ बिट म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख शक्यता. ऐकायला पुष्कळ, पण गजबजलेल्या एपीवर हे आकडे काही तासांत संपून परत तेच वापरायची पाळी येते. २००१ साली आधी बर्कलीच्या संशोधकांनी वेपच्या रचनेतल्या चुका दाखवल्या. मग त्याच वर्षी फ्लुरर, मँटिन आणि शामीर (आरएसएमधल्या 'एस'चे तेच शामीर) यांनी नुसती पॅकेटं ऐकत बसून किल्ली कशी काढता येते ते मांडलं. काही आठवड्यांत ते करून दाखवणारी फुकट सॉफ्टवेअरं आली.

आता विचार करा. जगभर लाखो एपी आणि लॅपटॉपची कार्डं विकली गेलेली, आणि त्यातलं कुलूप कचकड्याचं निघालेलं. सगळं फेकून नवं घ्या म्हणणं शक्य नव्हतं. मग इंजिनिअर लोकांनी जे केलं ते वाचून मी अक्षरशः खुर्चीत सरसावून बसलो. त्यांनी असं कुलूप बनवलं जे जुन्याच हार्डवेअरवर निव्वळ फर्मवेअर बदलून बसेल. तेच टीकेआयपी! माझ्या स्कॅनरना येणारी एकमेव पद्धत.

अट फार कडक होती. त्या जुन्या एपींचे प्रोसेसर इतके दुबळे की प्रत्येक पॅकेटवर जरा जास्त गणित लादलं की दम लागे. म्हणून पॅकेटमध्ये कुणी ढवळाढवळ केली का हे तपासायला नील्स फर्ग्युसन यांनी 'मायकल' नावाची अगदी हलकी पद्धत बनवली. ती कमकुवत आहे हे बनवणाऱ्यांनाही ठाऊक होतं. तेव्हा तिच्या जोडीला एक नियम ठेवला. ६० सेकंदांत अशी दोन खोटी पॅकेटं सापडली तर एपीने टीकेआयपीचं दुकान ६० सेकंद बंद करायचं. दाराला कडी कच्ची आहे, तर संशय येताच दारच भिंतीसारखं बंद! डब्ल्यूपीए नावाने हे २००३ मध्ये बाजारात आलं. ही सोय तात्पुरती आहे हे तेव्हाच सांगितलेलं होतं. खरं कुलूप जून २००४ मध्ये मंजूर झालं, ते डब्ल्यूपीए२ म्हणून आपण ओळखतो, आणि त्याला बऱ्याच ठिकाणी नवं हार्डवेअर लागलं.

म्हणजे फर्मवेअर अपग्रेड ही एका काळी जीव वाचवणारी गोष्ट होती. ज्यांनी 'चालतंय ना' म्हटलं त्यांचं काय झालं?

त्यांचं टीजेएक्स झालं. अमेरिकेतली कपड्यांच्या आणि घरगुती वस्तूंच्या दुकानांची प्रचंड साखळी. २००५ मध्ये चोरांनी फ्लोरिडातल्या मायामी इथल्या त्यांच्या दुकानाचं वाय-फाय बाहेरून ऐकून वेप फोडलं आणि तिथून कंपनीच्या मुख्य यंत्रणेपर्यंत पोचले. जानेवारी २००७ मध्ये कंपनीने चोरी जाहीर केली. कंपनीच्याच आकड्यानुसार किमान ४ कोटी ५७ लाख कार्डांचे नंबर गेले. कॅनडाच्या प्रायव्हसी कमिशनरने सप्टेंबर २००७ च्या अहवालात स्पष्ट ठपका ठेवला की वेपवरून बळकट पद्धतीवर जायला कंपनीने वाजवीपेक्षा जास्त वेळ लावला. याहून बोचणारी गोष्ट खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आली. नोव्हेंबर २००५ मध्ये, म्हणजे चोर आत शिरल्यानंतर, कंपनीच्या आयटी विभागात ईमेलवर चर्चा चालली होती की डब्ल्यूपीएचा खर्च पुढच्या वर्षावर ढकलला तर किती पैसे वाचतील. हे लोक मूर्ख नव्हते. धोका त्यांना माहीत होता, बदल सुरूही केलेला होता. फक्त, 'थांबू' म्हणताना कधीपर्यंत हे कुणी पक्कं धरलं नाही.

वाय-फायकडे दुर्लक्ष केल्याची किंमत आपल्याकडेही २००८ साली कळली. जुलैमध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी आलेल्या धमकीच्या ईमेलचा माग नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वाय-फायपर्यंत गेला. तिथे राहणाऱ्या परदेशी माणसाची कसून चौकशी झाली. पुढे पोलीस मुंबईत उघडी वाय-फाय शोधत फिरू लागले. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो, पण 'वाय-फायला पासवर्ड ठेवा' हे वाक्य बाबांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकल्याचं आठवतं. तिथे प्रश्न फर्मवेअरचा नव्हता, डबा घरी आणला तसाच उघडा ठेवण्याचा होता. पण वृत्ती तीच. चालतंय ना!

आता उलटा किस्सा. १६ ऑक्टोबर २०१७. बेल्जियममधल्या ल्यूव्हन विद्यापीठाचे माथी व्हानहूफ यांनी 'क्रॅक' हल्ला जाहीर केला. १३ वर्षं ज्या डब्ल्यूपीए२ वर सगळे निवांत झोपले होते, त्यात भोक!

गंमत समजून घ्या. फोन आणि एपी जोडले जाताना चार निरोपांची देवाणघेवाण होते. तिसरा निरोप मिळाला की फोन किल्ली बसवतो आणि पॅकेटं मोजायचा आकडा शून्यापासून सुरू करतो. हल्लेखोर मध्ये उभा राहून तो तिसरा निरोप परत परत पोचवतो. फोन बिचारा दर वेळी तीच किल्ली पुन्हा बसवतो आणि आकडा पुन्हा शून्यावर. म्हणजे पावतीपुस्तकाचे नंबर मध्येच परत १ पासून सुरू केल्यासारखं. एकाच नंबरच्या दोन पावत्या झाल्या की हिशेब उलगडायला वेळ लागत नाही.

बातमी आली आणि जगभरच्या ॲडमिननी रातोरात एपी अपग्रेड केले. पण नीट वाचलं तर कळतं की हा दोष मुख्यतः फोन आणि लॅपटॉपच्या बाजूचा होता. एपीच्या बाजूला भोक होतं ते दोनच ठिकाणी. एपींमधून झटकन उडी मारायची ८०२.११आर ही सोय चालू असेल तर, किंवा एपी स्वतःच दुसऱ्या एपीचा ग्राहक बनून सिग्नल पुढे नेत असेल तर. ही दोन्ही नसतील तर रात्रभर जागून एपी अपग्रेड करणाऱ्याने शेजारच्या दाराला कुलूप लावलं, आपलं उघडंच! अँड्रॉइडच्या फोनांसाठी दुरुस्ती नोव्हेंबरमध्ये निघाली, आणि कित्येक जुन्या फोनांपर्यंत ती कधी पोचलीच नाही. ८०२.११आर तर सेटिंगमधून तात्पुरतं बंदही करता येत होतं. एका मिनिटाचं काम, फर्मवेअरला हातही न लावता.

आणि आता काकांच्या 'हात नको लावू'वरचा शेवटचा घाव. सिस्कोचे जुन्या आयओएस पद्धतीचे एपी होते, भरवशाचे, वर्षानुवर्षं न कुरकुरता चालणारे. त्यांच्या फर्मवेअरवरची सही तपासणाऱ्या एका प्रमाणपत्राची मुदत ४ डिसेंबर २०२२ ला संपली. छताला टांगलेले एपी चालूच राहिले. पण त्या तारखेनंतर ज्याने आवृत्ती बदलायला घेतली त्याचे एपी 'डाउनलोड होत आहे' वर अडकून बसू लागले. कंपनीने दुरुस्त केलेल्या आवृत्त्या काढल्या, आणि तोवरचा उपाय काय सांगितला? कंट्रोलरचं घड्याळ मागे करा! हसू आलं, पण मग वाटलं, आपण थांबलो म्हणून काळ थोडाच थांबतो? डबा हलत नाही, पण त्याच्याभोवतीचे फोन, प्रमाणपत्रं, हल्ले सगळे पुढे जात राहतात. टीकेआयपीचंच बघा. २००३ ची जीवनदायी दुरुस्ती, २०१२ च्या मानकात बाद ठरली, आणि तिच्याच भरवशावर राहिलेले आमचे स्कॅनर एका सोमवारी मुके झाले.

तर सांगायचा मुद्दा असा. 'लगेच करा' आणि 'हात लावू नका' या दोन्ही म्हणी आहेत, निर्णय नव्हेत. एटी अँड टीने चांगल्या हेतूने सगळीकडे एकदम हात लावला आणि फसले. टीजेएक्स थांबले आणि फसले. क्रॅकच्या रात्री पुष्कळ लोक धावले, पण कुठे धावायचं ते न बघता. या सगळ्यांतून मला तीन प्रश्न मिळाले. जे भोक बुजवायचंय ते आपल्या दारात आहे का? परत फिरायची वाट आहे का? आणि थांबायचंच असेल तर कुठल्या तारखेपर्यंत? तिसरा प्रश्न सगळ्यात सोपा दिसतो, आणि मी १४ महिने तोच टाळत होतो.

सोमवारी ऑफिसला गेल्यावर रिलीज नोट्स शेवटच्या पानापर्यंत वाचल्या. भोक एपीच्या मॅनेजमेंट पानात होतं. ते पान आमच्याकडे अख्ख्या ऑफिसच्या नेटवर्कवरून उघडत होतं, म्हणजे भोक आपल्या दारातलंच. पहिल्या तासाभरात ते पान फक्त ॲडमिनच्या दोन मशिनवरूनच उघडेल असं केलं. फर्मवेअर न बदलता अर्धा धोका गेला. मग सध्याच्या आवृत्तीची फाइल दोन ठिकाणी जपून ठेवली. नवी आवृत्ती चढवली फक्त २ एपींवर. एक माझ्या आणि काकांच्या डोक्यावरचा, त्रास झाला तर आधी आम्हालाच व्हावा. दुसरा गोदामातल्या एका कोपऱ्यातला. आणि कॅलेंडरमध्ये दोन आठवड्यांनंतरची तारीख टाकली. काही गडबड दिसली नाही तर त्या दिवशी बाकीचे २४, मजल्यामजल्याने. गोदाम सगळ्यात शेवटी, आणि शुक्रवारी तर नाहीच.

काकांनी सगळं बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे शेवटी हात लावलासच."

"लावला काका, पण गिरणी थांबवून."

ते हसले. मी फोन उचलून गोदामातल्या मुकादमाला सांगितलं की कोपऱ्यातल्या एपीखाली २ स्कॅनर घेऊन माणूस उभा करा, आणि स्कॅन झालं नाही तरी हजेरी हाताने मांडा, ती वेळ माझ्या खात्यावर. ते मेलवर लिहूनही दिलं. दहा मिनिटांनी फोन आला. पलीकडून आवाज जिन्यातल्या त्याच मामांचा.

"साहेब, वाजतंय टूं टूं. आज खाडा नाही ना?"

"नाही मामा," म्हटलं. "आज नाही."